संयुक्त प्राथमिक किल्ली

संबंधात्मक माहितीसंचातील, म्हणजे व्यवहारात ज्याला रिलेशनल डेटाबेस म्हणतात त्यातील, कोष्टकाची प्रत्येक नोंद इतर सर्व नोंदींपासून निःसंदिग्धपणे वेगळी ओळखता यावी लागते. त्यासाठी निश्चित केलेल्या रकान्यास प्राथमिक किल्ली किंवा प्रायमरी की अशी संज्ञा आहे. एका रकान्याने हे कार्य साधत नसेल, तर दोन किंवा अधिक रकाने एकत्रितपणे किल्ली म्हणून योजतात. ती संयुक्त प्राथमिक किल्ली होय. ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. सातबारा उताऱ्यावरील गट क्रमांक एकटा कोणतीच जमीन दर्शवीत नाही. जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक आणि असल्यास हिस्सा एवढे सर्व सांगितल्यावरच जमिनीचा तुकडा निश्चित होतो.

संगणकीय माहितीसंचांच्या प्रारंभीच्या काळात नोंदीची ओळख तिच्या स्थानावरून होत असे. अपोलो चांद्रमोहिमेच्या कामासाठी आयबीएम कंपनीने विकसित केलेल्या व १९६८ मध्ये कार्यान्वित झालेल्या आयएमएस या प्रणालीत नोंदी वृक्षाच्या फांद्यांप्रमाणे रचलेल्या असत आणि मूळ नोंदीपासून खाली उतरत जावे लागे. चार्ल्स बाखमन यांच्या जालरचनेत एका नोंदीकडून दुसरीकडे नेणारे दुवे असत. दोन्ही पद्धतींत वाट माहीत असल्याखेरीज नोंद हाती लागत नसे आणि रचना बदलली की आज्ञावल्याही बदलाव्या लागत.

या परावलंबनातून सुटका करण्याच्या हेतूने आयबीएमच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेतील एडगर एफ. कॉड (१९२३–२००३) यांनी जून १९७० मध्ये आपला सुप्रसिद्ध निबंध प्रसिद्ध केला. प्राथमिक किल्ली एका घटकाची किंवा अनेक घटकांच्या संयोगाची असू शकते, असे त्यात प्रथमपासूनच गृहीत धरलेले आहे. त्यातील एक उदाहरण उद्‌बोधक आहे. कर्मचाऱ्याच्या नोंदीतच त्याच्या पदांचा इतिहास, त्या इतिहासात प्रत्येक पदावरील वेतनाचा इतिहास आणि शिवाय मुलांची यादी, अशी एकात एक गुंतलेली माहिती कॉड यांनी घेतली आणि ती चार साध्या कोष्टकांत उलगडून दाखविली. हे करताना वरच्या नोंदीची किल्ली खालच्या नोंदीत उतरते. पदाची नोंद कर्मचारी क्रमांक व पदग्रहणाची तारीख या दोहोंनी ओळखली जाते, तर वेतनाच्या नोंदीस कर्मचारी क्रमांक, पदग्रहणाची तारीख व वेतनबदलाची तारीख असे तीन घटक लागतात. पूर्वी जी वाट यंत्राच्या रचनेत दडलेली होती, ती अशा रीतीने मूल्यांच्या रूपाने कोष्टकातच आली. संयुक्त किल्लीचा जन्म येथे झाला, असे म्हणण्यास हरकत नाही. किल्लीत अनावश्यक घटक असू नये, ही अटही कॉड यांनी त्याच निबंधात विचारात घेतली होती.

अशी किल्ली निवडणे म्हणजे वस्तुस्थितीविषयी एक विधान करणे होय. वरील उदाहरणात एका कर्मचाऱ्यास एकाच दिवशी दोन पदे मिळू शकत नाहीत, असे ते विधान आहे. ते चुकीचे असेल, तर खरी नोंदही प्रणाली नाकारते. विचारपूर्वक केले असेल, तर तीच नोंद दोनदा शिरण्यास तेथेच आळा बसतो. १९७१-७२ मध्ये कॉड यांनी मांडलेले दुसरे प्रमाणरूप याच किल्लीशी निगडित आहे. पुरवठादार व सुटा भाग यांची संयुक्त किल्ली असलेल्या कोष्टकात पुरवठादाराचे शहर लिहिले, तर ते किल्लीच्या अर्ध्या भागावरच अवलंबून राहते. परिणामी ते प्रत्येक ओळीत पुन्हा पुन्हा येते आणि एखादे वेळी एकाच ओळीत बदलले जाऊन विसंगती उद्‌भवते.

संयुक्त किल्लीचा खरा दोष तिच्या लांबीत नसून ती जगातील मूल्यांवर उभी असते यात आहे. ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा त्यातील आठ तालुक्यांत एकही शेत जागचे हलले नाही. परंतु प्रत्येकाच्या ओळखीतील पहिला घटक बदलला. अशी किल्ली ज्या ज्या कोष्टकांत संदर्भ म्हणून उतरलेली असते, तेथेही दुरुस्ती करणे ओघानेच येते. स्वतः कॉड यांनी १९७९ च्या निबंधात ही अडचण मान्य केली. दोन कंपन्या एकत्र झाल्यास कर्मचारी क्रमांक बदलावे लागतात, हा दाखला देऊन त्यांनी प्रणालीनेच बहाल केलेली, वापरणाऱ्याच्या नियंत्रणाबाहेरची प्रतिनिधी किल्ली पुरस्कारिली.

पुढे व्यवहारात अनुक्रमांकाची ही पद्धत सरसकट रूढ झाली. मात्र तिचा एक दुष्परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. अनुक्रमांक दिल्याने दोन ओळी भिन्न ठरतात, त्यांतील माहिती भिन्न ठरत नाही. एकाच विद्यार्थ्याची एकाच परीक्षेच्या एकाच विषयासाठी दोनदा झालेली नोंद दोन क्रमांकांखाली सुखेनैव नांदू शकते. म्हणून अनुक्रमांक वापरला, तरी मूळ रकान्यांच्या संयोगावर एकमेवतेची अट घालावीच लागते. १९८६ च्या एसक्यूएल मानकात अशा अटीची सोय होती. प्राथमिक किल्लीची स्पष्ट घोषणा मात्र १९८९ च्या आवृत्तीत आली.

किल्लीतील रकान्यांचा क्रम तर्कदृष्ट्या गौण असला, तरी शोधाच्या वेगावर त्याचा परिणाम होतो. प्रणाली सामान्यतः त्याच क्रमाने सूची तयार करते. आडनावानुसार लावलेल्या दूरध्वनी-पुस्तिकेत केवळ नावावरून माणूस शोधणे जसे कष्टाचे, तसेच पहिला घटक माहीत नसताना या सूचीचे होते.

एकविसाव्या शतकात अनुक्रमांकास अधिक बळ मिळाले ते आज्ञावली-लेखनाच्या तयार चौकटींमुळे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेली रूबी ऑन रेल्स प्रत्येक कोष्टकास एकच क्रमांक-रकाना असणार असे गृहीत धरून चाले. ऑक्टोबर २०२३ मधील ७.१ या आवृत्तीत तिने संयुक्त किल्लीस अंगभूत स्थान दिले आणि एप्रिल २०२५ मध्ये जँगो या चौकटीनेही ५.२ या आवृत्तीत तीच सोय केली.