नवजात बालकाची पहिली तपासणी (नांदेड व लातूर जिल्हे)

नवजात बालकाची पहिली तपासणी : प्रसूतीनंतर रुग्णालयातून सुट्टी मिळालेल्या बाळाची पहिली नियमित आरोग्यपाहणी. नांदेड व लातूर शहरांत ती बहुधा बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात होते. मात्र किनवट, मुखेड, जळकोट अशा तालुक्यांतील गावांत व तांड्यांवर आशा स्वयंसेविका बाळंतिणीच्या घरी जाते, आणि अनेक बाळांची तीच पहिली तपासणी ठरते.

या गृहभेटींचे मूळ महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन केलेला प्रयोग १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी कमी आढळला. २०११ मध्ये ही पद्धत देशभर लागू झाली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी भेट ठरलेली असते.

यांपैकी तिसऱ्या दिवसाची भेट सर्वांत मोलाची म्हणावी लागेल, कारण आईला भरपूर दूध उतरण्याचा आणि बाळाची कावीळ वाढू लागण्याचा काळ एकच असतो. बाळाला झोळीत ठेवून काट्यावर वजन करतात. जन्मवजनात सात ते दहा टक्क्यांपर्यंत घट स्वाभाविक असून ती साधारण दोन आठवड्यांत भरून निघते. कातडीवर बोट दाबून उचलल्यावर पिवळेपणा दिसतो का, हे उजेडात पाहतात. तळहात-तळपाय पिवळे असल्यास किंवा श्वास मिनिटाला ६० वा अधिक असल्यास बाळाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. नाळेला तेल-हळद लावणे, मध वा गुटी चाटवणे, डोळ्यांत काजळ घालणे या घरोघरच्या चालींविषयी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांशीही याच वेळी बोलावे लागते. बाळाचे अंघोळ-पाणी बहुधा त्यांच्याच हाती असल्याने नुसते आईला सांगून भागत नाही.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रूढीमुळे गरोदरपणाची नोंद सासरच्या गावी आणि बाळ माहेरी, असे वारंवार घडते. त्यामुळे माता व बाल संरक्षण कार्ड बाळंतिणीसोबत असणे आवश्यक ठरते. जन्मवजन आणि जन्मतः दिलेल्या बीसीजी, पोलिओ व हिपॅटायटिस-बी लसींची माहिती माहेरच्या आशा स्वयंसेविकेला त्यावरूनच मिळते. आजारी बाळाला शासकीय रुग्णालयात नेण्यासाठी जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमांतर्गत वाहन व उपचार विनामूल्य असून, गंभीर बाळांना विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या रुग्णालयात पाठवले जाते.