शेणाचे इंधन

गाय, बैल, म्हैस यांचे शेण वाळवून किंवा हवाबंद टाकीत कुजवून मिळणारे इंधन. वाळलेल्या शेणाला देशावर गोवरी म्हणतात, कोकणात आणि कोल्हापूरकडे शेणी किंवा शेणकूट. माळावर गुरे चरताना पडलेले आणि तिथेच वाळलेले शेण म्हणजे रानशेणी. ती थापावी लागत नाही, वेचून आणावी लागते. कुजवून निघणाऱ्या वायूला सर्वत्र गोबरगॅस हाच शब्द रूढ आहे. तोडलेले झाड परत उभे राहायला वर्षे जातात, शेण गोठ्यात रोज पडते; सरपणाला पर्याय म्हणून शेणाचा विचार होतो तो यामुळे. मात्र हा पर्याय शेताच्या आणि घरातल्या बाईच्या हिताचा ठरतो की नाही, हे शेण कोणत्या रूपात जाळले जाते यावर अवलंबून आहे.

गोवरी : ताज्या शेणात सुमारे ८० टक्के पाणी असते. त्यात भुसा किंवा कुटार मळून गोल चकत्या थापतात, एक बाजू सुकली की उलटतात आणि खडखडीत वाळल्यावर रचून ठेवतात. हे काम दिवाळीनंतर सुरू होते आणि पावसाळ्यापूर्वी संपवावे लागते, कारण भिजलेली गोवरी नुसती धुमसते. जवळजवळ सगळे थापण्याचे काम बायकाच करतात. वाळलेल्या गोवरीच्या किलोमागे सुमारे ३,००० किलोकॅलरी उष्णता मिळते, म्हणजे चांगल्या वाळलेल्या लाकडापेक्षा कमी. पण तिची आच मंद आणि एकसारखी असते. दूध आटवायला, बाळंतिणीच्या शेकाला, विदर्भात रोडगे भाजायला गोवरीचा आर लागतो तो याच गुणामुळे. राखेने भांडी घासली जात. कोल्हापुरात होळी लहान करून शेणी स्मशानभूमीला दान देण्याचा प्रघात पडला आहे. तिथे दहनाचे लाकूड शेणींमुळे वाचते.

गोवरीचे दोष मात्र गंभीर आहेत. साध्या चुलीत तिच्या उष्णतेचा जेमतेम दहावा भाग भांड्याला लागतो, बाकीची वाया जाते. धूर लाकडापेक्षाही अधिक. बंद स्वयंपाकघरात वर्षानुवर्षे तो घेणाऱ्या बायकांना, विडीला कधी हात न लावताही, फुप्फुसांचा जुनाट विकार जडतो. शिवाय शेणातला नत्र आणि सेंद्रिय अंश चुलीत जळून जातो. लाकूड वाचते, पण त्याची किंमत शेत मोजते.

गोबरगॅस : शेण आणि पाणी सारख्या मापाने कालवून हवाबंद टाकीत सोडले की हवेविना जगणारे जिवाणू ते कुजवतात. निघणाऱ्या वायूत ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो, उरलेला बहुतांश कार्बन डाय-ऑक्साइड. २५ किलो ताज्या शेणापासून साधारण १ घनमीटर वायू मिळतो आणि तो सुमारे साडेतीन किलो लाकडाचे काम करतो.

खरा फरक हिशेब मांडल्यावर दिसतो. ५० किलो शेणाच्या सुमारे १० किलो गोवऱ्या होतात. चुलीत त्यांतून भांड्याला लागते ती उष्णता ३,००० किलोकॅलरींच्या आसपास. तेवढ्याच शेणाच्या २ घनमीटर वायूतून, गॅसची शेगडी निम्म्याहून अधिक उष्णता कामी लावत असल्यामुळे, ५,००० किलोकॅलरींहून जास्त उष्णता भांड्याला मिळते. आणि खत जळत नाही : टाकीतून बाहेर पडणाऱ्या मळीत नत्र जवळपास पूर्ण राहतो.

इतिहास : मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्ये मैल्यापासून वायू काढून दिवे लावले गेले. शेणावरचे पद्धतशीर प्रयोग १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी केले. जशभाई पटेल यांनी १९५० च्या दशकात ‘ग्रामलक्ष्मी’ हे तरंगत्या लोखंडी टाकीचे संयंत्र बनवले आणि १९६० च्या दशकात खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार केला. लोखंडी टाकी महाग पडे आणि गंजे. विटांच्या बंदिस्त घुमटाचे ‘जनता’ (१९७८) आणि त्याहून स्वस्त ‘दीनबंधू’ (१९८४) या रचना या अडचणीतूनच निघाल्या.

मर्यादा : दिवसाला दोन घनमीटर वायू देणाऱ्या संयंत्राला रोज ५० किलो शेण, म्हणजे गोठ्यात चार-पाच जनावरे लागतात, शिवाय ५० लिटर पाणी. महाराष्ट्राच्या हवामानात शेण-पाण्याचा हा काला टाकीत सुमारे ४० दिवस राहावा लागतो, म्हणजे टाकीत ४,००० लिटर मावायला हवेत. हिवाळ्यात जिवाणू मंदावतात आणि वायू घटतो. दुष्काळी गावात पाण्याची अट सगळ्यांत जड जाते. ट्रॅक्टर आल्यावर बैल विकलेल्या घरांत शेणच पुरत नाही आणि बांधलेल्या टाक्या कोरड्या पडतात.

याहून कमी बोलला जाणारा प्रश्न भूमिहीनांचा. ज्या घरी गोठा नाही तिथल्या बायका वाटेवरचे, माळावरचे शेण पाटीत भरून आणत आणि त्यावर चूल पेटे. गोबरगॅस आला की मालकाला त्याच शेणाची किंमत कळते, गुरे दावणीला बांधली जातात आणि फुकट वेचायला काही राहत नाही. ज्यांच्याकडे सगळ्यांत कमी असते त्यांची पावले मग पुन्हा सरपणासाठी रानाकडे वळतात. अनेक घरांनी मिळून चालवलेली सामुदायिक संयंत्रे हा यावरचा उपाय. शेणाचा आणि वायूचा वाटा आधी ठरलेला नसेल तिथे ती भांडणात बंद पडतात.