बातमीदाराची शिस्त आणि आरमाराचा इतिहास

गजानन भास्कर मेहेंदळे यांची ओळख प्रामुख्याने शिवचरित्रकार म्हणून करून दिली जाते. 1947 साली जन्मलेल्या आणि 2025 च्या सप्टेंबरात निवर्तलेल्या या संशोधकाची सुरुवात मात्र पत्रकारितेत झाली होती. 1971 च्या बांगलादेश युद्धाचे वार्तांकन त्यांनी 'तरुण भारत'साठी केले. युद्धशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षणही त्यांनी घेतले होते. पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात बसून मोडी व फारसी कागद अभ्यासत त्यांनी द्विखंडात्मक 'श्री राजा शिवछत्रपती' सिद्ध केले. संतोष शिंत्रे यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या 'शिवछत्रपतींचे आरमार' या ग्रंथाच्या निमित्ताने आम्हांस एक मुद्दा मांडावासा वाटतो.

आरमाराचा इतिहास लिहिणे अवघड आहे. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि जहाजबांधणीस प्रारंभ झाला. परंतु त्या आरमाराविषयीचे समकालीन मराठी कागद थोडे. बरीचशी माहिती पोर्तुगीज, इंग्रज व डच यांच्या पत्रांत, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या लेखणीतून उतरलेली. तेव्हा सांगणारा कोण, त्याने स्वतः पाहिले की ऐकले, त्याचा हेतू कोणता, हे बातमीदाराचे प्रश्न इतिहासकारालाही विचारावे लागतात.

1665 च्या बसरूर मोहिमेचे उदाहरण घ्या. इंग्रजांचे पत्र 85 लहान व 3 मोठ्या जहाजांची नोंद करते. सभासदाची बखर दोनशे जहाजांच्या सुभ्याविषयी बोलते. पहिला आकडा एका मोहिमेचा आणि त्याच काळातला. दुसरा राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, जिंजीच्या मुक्कामी, मागाहून लिहिलेला. दोन्ही एकाच मापाने मोजता येत नाहीत. उलट 1679 च्या खांदेरीच्या लढाईत आपले 'डव्ह' हे गुराब मराठ्यांच्या हाती पडल्याचे इंग्रजांचेच कागद सांगतात. आपल्याच पराभवाची ही कबुली असल्याने तिचे वजन अधिक.

ही शिस्त मराठीला परकी नाही. वऱ्हाडात मराठी शिकविताना आम्हांस समुद्र दूर असला, तरी रिद्धपूर जवळ आहे. श्रीचक्रधरांच्या पश्चात याच गावी महानुभाव मंडळी श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यात एकत्र आली, आणि तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्रा'ची सिद्धता केली. ज्यांनी लीळा पाहिल्या-ऐकल्या होत्या, त्यांच्याकडे जाऊन त्यांनी आठवणी मिळविल्या. परंपरेनेही सांगणाऱ्यांच्या नावांसह पाठभेद जपले. श्रद्धा अढळ होती, म्हणून विचारपूस टळली नाही.

आज विद्यार्थ्यांच्या निबंधांत आरमाराच्या जहाजांचे आकडे वर्षागणिक फुगत चाललेले आम्ही पाहतो. 'हे कोठून घेतले?' असे विचारले, की त्यांना तो महाराजांविषयीचा अनादर वाटतो. आमचे मत याउलट आहे. सह्याद्रीत वाढलेल्या राजाने समुद्र ओळखला, सिंधुदुर्ग उभारला, खांदेरीवर इंग्रज व सिद्दी या दोघांशी झुंज घेतली. एवढे सत्य पुरेसे मोठे आहे. फुगविलेला आकडा एकदा उघडा पडला, की त्याच्या शेजारच्या खऱ्या गोष्टीवरूनही वाचकाचा विश्वास उडतो. मेहेंदळ्यांचे ग्रंथ तळटिपांसह वाचावेत, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, ते याचसाठी.