दुसरी चावी

श्रोतेहो, इतिहास म्हटला म्हणजे आपल्याला गड, तट आणि लढाया आठवतात. पण गडाचे दरवाजे रात्री बंद होत, आणि शिवकाळी त्यांच्या किल्ल्या गडाच्या हवालदाराच्या ताब्यात असत. गड राखायचा तर तोफेइतकीच किल्लीही महत्त्वाची! आज मी आपल्याला एका किल्लीचाच इतिहास सांगणार आहे. मात्र ती गडाची नव्हे, जुन्या मोटारीची.

आपले मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचे एदलाबाद, हे भुसावळहून मलकापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे गाव. वडिलांच्या वेळची जीप किंवा ॲम्बॅसडर अजूनही कुणाच्या खळ्यात उभी असते. लग्नकार्याला निघते, अडीनडीला आजारी माणूस दवाखान्यात पोचवते. अशा गाडीची एकुलती एक चावी शेतात पडली, तर काय करायचं? कंपनीला लिहावं म्हटलं, तर ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी त्याच्याही आधी बंद झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. मग दुसरी चावी मिळणार कुठून? ते समजण्यासाठी थोडे मागे जाऊ.

सुरुवातीच्या मोटारी पुढून हँडल मारून सुरू करीत. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन संशोधकाचा विजेवर चालणारा ‘सेल्फ’ १९१२ च्या कॅडिलॅक गाडीला बसला, आणि हँडलचा जाच कमी होऊ लागला. तरी चावीचे काम एवढेच, की विजेचा प्रवाह जोडायचा आणि तोडायचा. सेल्फचा खटका वेगळा असे. चावी फिरवली की गाडी सुरू, ही सोय १९४९ मध्ये क्रायस्लर कंपनीने आणली.

त्या काळी चोराची धास्ती फारशी नसावी. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाड्या सुमारे दीड कोटी निघाल्या; पण १९१९ नंतरच्या त्या गाड्यांच्या चाव्यांचे नमुने अवघे चोवीस. ५१ ते ७४ असे त्यांचे क्रमांक, आणि ते स्विचवरच उमटवलेले! दुसऱ्या महायुद्धातल्या जीपची तऱ्हा तर याहून न्यारी. आरंभीच्या लष्करी जीपांना एच-७०० या एकाच क्रमांकाची चावी चाले. पुढे तीही काढून टाकली आणि नुसता खटका बसवला. लढाईच्या धुमाळीत चावी शोधत कोण बसणार? याच विलीज जीपची जुळणी स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने आपल्याकडे सुरू केली, आणि जीप खेडोपाडी पोचली.

आता कुलपाच्या आत पाहू. मोटारीच्या कुलपात बहुधा पातळ पितळी पत्र्या असतात. स्प्रिंगा त्यांना दाबून धरतात. चावीच्या खाचा बरोबर मापाच्या असल्या की साऱ्या पत्र्या एका ओळीत येतात आणि आतला गोल फिरतो. खाच चुकली की गोल अडतो. शिक्षकबंधूंनी एखादे मोडके कुलूप उघडून वर्गात दाखवावे. मुलांना हे चटकन उमगेल.

चावीची नक्कल यंत्रावर होते. एका बाजूला मूळ चावी, दुसऱ्या बाजूला कोरी. मूळ चावीच्या खाचांवरून एक टोक फिरते, आणि त्याबरहुकूम दुसरीकडे कापणारे चाक चालते. म्हणजे मूळ चावी झिजलेली असेल, तर तिची झीजसुद्धा नकलेत उतरते. मग नकलेवरून नक्कल केली की चूक वाढत जाते.

हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या हातांनी उतरताना पाठ बिघडत गेले, तेव्हा संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. मुक्ताईच्या गावच्या लोकांना याचे मोल मी काय सांगावे? चावीचा ‘शुद्ध पाठ’ म्हणजे तिचा क्रमांक. पुष्कळ जुन्या गाड्यांत तो चावीवर, स्विचवर किंवा कुलपाच्या गोलावर सापडतो. त्या क्रमांकाची मापे मिळाली, तर झिजलेल्या चावीवर विसंबावे लागत नाही.

आणि चावीही नाही, क्रमांकही नाही, असं झालं तर? मग कारागिराचा हात. तो कोरी चावी दिव्यावर धरून काजळवतो, कुलपात घालून हलकेच फिरवतो आणि बाहेर काढून पाहतो. पत्री जिथे अडली तिथे बारीक खूण उमटते. तिथे कानस चालवायची, पुन्हा घालायची, पुन्हा पाहायचं. घाई केली की कोरी चावी वाया! ही विद्या जपणाऱ्यांत शिकलगार समाज आहे. ‘सैकल’ म्हणजे उजाळा, त्यावरून हे नाव पडले. हत्यारे घडवणे आणि उजळणे हा त्यांचा मूळ धंदा. इंग्रजी अमलात १८७८ चा शस्त्र कायदा आला, धंदा आटत गेला. आणि तलवार घासणाऱ्या हातांतली कानस पुढे कुलपा-किल्ल्यांवर चालू लागली.

नव्या गाड्यांत चावीच्या मुठीत चिप असते. तिचा संकेत जुळल्याशिवाय इंजिन चालत नाही. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना असा बंदोबस्त सक्तीचा झाला. जुन्या गाडीला कानस पुरते, हे तिचे सुख. पण जी सोय मालकाची, तीच चोराची! म्हणून चावीवाल्याने गाडीचे आर. सी. बुक मागितले तर रागावू नये. तो आपलेच राखण करतो आहे.

तेव्हा श्रोतेहो, घरी जुनी गाडी असेल तर चावी हाताशी आहे तोवरच दुसरी करून घ्या. क्रमांक दिसत असेल तर वहीत लिहा. ती चावी गाडीला लावून पाहा, आणि मग मूळ चावी कपाटात ठेवून नकलेने गाडी चालवा. पुढे कधी तिसरी लागली, तर ती मूळ चावीवरूनच करता येईल.