फोर्ड मॉडेल टीचे सुटे सिलिंडर हेड आणि मालकाच्या हातातील पाना

मोटार उद्योगाच्या इतिहासलेखनात १९१३ साली हायलंड पार्क कारखान्यात सुरू झालेल्या फिरत्या जुळणी-साखळीला मध्यवर्ती स्थान मिळाले आहे. त्या मानाने मोटारमालकाच्या हातातील पान्याची दखल फारशी घेतली गेलेली नाही. प्रस्तुत लेखात फोर्ड मॉडेल टीच्या हेडचे बोल्ट आवळण्याच्या रीतीकडे या दृष्टीने पाहिले आहे.

ऑक्टोबर १९०८ मध्ये आलेल्या या मोटारीची चारही सिलिंडरे एकाच ओतीव ठोकळ्यात होती व वरचे हेड सुटे होते. तत्कालीन अनेक इंजिनांत हेड आणि सिलिंडर एकसंध ओतलेले असत. तेथे सांध्यातून गळती होण्याचा प्रश्नच नव्हता. मात्र काजळी खरवडणे अत्यंत जिकिरीचे होते. फोर्डने ही अडचण दूर केली, परंतु त्याबरोबर अचूकतेची एक जबाबदारी कारखान्यातून मालकाकडे आली. मधले तांबे-ॲस्बेस्टॉसचे गॅस्केट पंधराही बोल्टांनी सारखे दाबले गेले, तरच वायू कोंडून राहतो आणि पाणी सिलिंडरात शिरत नाही.

कंपनीची प्रश्नोत्तररूप पुस्तिका याबाबत मोजकेच सांगते : प्रत्येक बोल्टला थोडे थोडे फेरे देत सर्व बोल्ट समान खाली आणावेत, एक टोक पक्के करून मग दुसऱ्याकडे वळू नये. किती जोर लावावा, याचा आकडा तेथे नाही. तो असता तरी मालकाने मोजला कशाने असता? टॉर्क रेंचची महत्त्वाची पेटंटे १९३० च्या दशकातील आहेत आणि मॉडेल टीचे उत्पादन, दीड कोटी मोटारींनंतर, १९२७ मध्येच थांबले होते.

आज जुन्या मोटारींचे जतन करणारे याच बोल्टांसाठी सुमारे ५० फूट-पौंड (६८ न्यूटन-मीटर) हा आकडा वापरतात. मधल्या बोल्टांपासून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे, आणि लोखंडी हेड असल्यास इंजिन तापवून पुन्हा तपासायचे. नंतर बसविलेले ॲल्युमिनियमचे हेड मात्र थंड असतानाच आवळावे लागते, कारण तापल्यावर ते पोलादी बोल्टांपेक्षा बरेच अधिक प्रसरण पावते.

या आकड्यावर निःशंक विश्वास टाकणे प्रस्तुत लेखकास योग्य वाटत नाही. रेंच मोजतो तो पीळ. बोल्टमधील ताण नव्हे. लावलेल्या जोरापैकी जवळपास निम्मा बोल्टच्या डोक्याखालील घर्षणात व बराचसा आट्यांत खर्च होतो. प्रत्यक्ष ताणासाठी साधारण एक दशांशच उरतो. गंजलेल्या आट्यांवर रेंच ५० दाखवील आणि गॅस्केट तरीही सैल राहील. मग गळती थांबविण्यासाठी आणखी जोर लावला जातो आणि शतकभर जुन्या ठोकळ्यातील ओतीव लोखंडाचे आटे ओरबाडले जातात. जुन्या मालकाला आकडा ठाऊक नव्हता, पण आट्यातील कचकच साध्या पान्यातून त्याच्या मनगटाला जाणवत असे. जाणते जतनकार आजही पहिल्या खेपेस बोल्ट नुसत्या बोटांनी तळापर्यंत फिरतो का, हे पाहतात. अडला तर आटे साफ केल्याशिवाय रेंच हाती घेत नाहीत.