वळणावर सोडायचं कधी? ड्रिफ्ट आणि बूस्टचा छोटा इतिहास

आज मी रायपूरच्या गोल बाजारातून बोलतोय. मागं अधूनमधून कुकरची शिट्टी किंवा हमालाची हाक ऐकू आली तर सांभाळून घ्या. दुकानाच्या वरच आमचं घर आहे.

आजवर या गप्पांत आपण तह, किल्ले, सनदा यांच्याबद्दल बोललो. आजचा विषय ऐकून काही जण हसतील. आज बोलायचंय मोबाईलवरच्या छोट्या गाड्यांच्या शर्यतीबद्दल, आणि त्यातही फक्त दोन गोष्टींबद्दल: ड्रिफ्ट आणि बूस्ट. यात इतिहास कसला, असं विचाराल, तर थोडा वेळ द्या. मलाही हा प्रश्न पडला होता.

आधी जागा सांगतो. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांना प्रत्येक वेळी आपला पत्ता थोडा मागून सांगावा लागतो. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करपंत छत्तीसगडात उतरले. १७५८पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहू लागले. १८१८मध्ये इंग्रजांनी मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं. या सगळ्या ये-जा करण्यात जी मराठी घरं इकडे आली आणि राहिली, त्यांच्या बऱ्याच पुढच्या पिढीतला मी एक. घरात नागपुरी वळणाची मराठी, गल्ल्यावर हिंदी, हमालांशी छत्तीसगढी. आमचं दुकान पूजेच्या सामानाचं: हळद, कुंकू, कापूर, वाती.

दुकान एक होतं, त्याची दोन झाली. वडील गेल्यावर मी आणि दादानं मधे प्लायवूड ठोकलं. कारण सांगण्यासारखं नाही, सगळ्या बाजारात तेच असतं. घराचंही तसंच: खाली दादा, वर मी. सहा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. बोलायचा तो फक्त माझा पुतण्या. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता.

मार्च २०२०मध्ये दोन गोष्टी एकाच महिन्यात घडल्या. ‘मारिओ कार्ट टूर’ या मोबाईलच्या खेळात इतरांबरोबर थेट ऑनलाइन शर्यत लावायची सोय आली आणि २५ तारखेपासून देश बंद झाला. बाजाराला कुलूप. पुतण्यानं माझ्या फोनवर तो खेळ टाकून दिला. रोज रात्री नऊला तो खालून, मी वरून. फोनचा स्पीकर चालू. आणि प्रत्येक वळणावर त्याची एकच ओरड: “काका, सोड! आता सोड!”

मला कळायचंच नाही, सोडायचं काय ते.

तर आता हा ‘सोड’ कुठून आला ते पाहू.

कार्ट म्हणजे टपाशिवायची, जमिनीला चिकटून धावणारी चिमुकली गाडी. १९५६मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या माणसानं गवत कापायच्या यंत्राचं इंजिन लावून पहिली कार्ट बनवली. पुढे १९९०मध्ये निन्टेन्डो या जपानी कंपनीनं ‘एफ-झीरो’ नावाचा शर्यतीचा खेळ आणला. वेग भन्नाट, रस्ते लांबलचक, पण खेळणारा एकटाच. कंपनीतल्या मंडळींना असाच खेळ दोघांसाठी हवा होता. पडद्याचे दोन भाग करून दोघांना एकाच वेळी पळवायचं, तर त्या काळच्या यंत्राला तेवढे लांब सरळ रस्ते आणि तेवढा वेग झेपेना. मग त्यांनी रस्ते आखूड केले, वळणं वाढवली आणि वेगाच्या यानांऐवजी कार्ट घेतल्या. २७ ऑगस्ट १९९२ रोजी जपानात ‘सुपर मारिओ कार्ट’ आला.

इथे जरा थांबा. या खेळात वळण आलं ते सरळ रस्त्याला जागा नव्हती म्हणून. गोल बाजारात राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. इथल्या गल्लीत भरलेला ठेला नेणारा हमाल सरळ रस्त्यावर वेळ वाचवूच शकत नाही, कारण सरळ रस्ताच नाही. तो वाचवतो कोपऱ्यावर. कोपरा यायच्या दोन पावलं आधी तो ठेल्याचं मागचं टोक बाहेर फेकतो.

हे मागचं टोक बाहेर फेकणं म्हणजेच ड्रिफ्ट. खऱ्या रस्त्यावर त्याची ख्याती जपाननं केली. कुनिमित्सु ताकाहाशी हा मूळचा मोटारसायकलवाला. १९६१मध्ये मोटारसायकलची जागतिक ग्रां प्री शर्यत जिंकणारा तो पहिला जपानी. १९७०च्या दशकात मोटारींच्या शर्यतीत तो वळणावर मागची चाकं घसरवत गाडी नेई. ते पाहून केइची त्सुचिया नावाच्या तरुणानं डोंगरातल्या घाटरस्त्यांवर हेच घोटलं. १९८७मध्ये त्याच्या ड्रिफ्टिंगची व्हिडिओ फीत निघाली आणि पोरं वेडी झाली. १९९५मध्ये ‘इनिशियल डी’ ही चित्रकथा सुरू झाली आणि घाटातला ड्रिफ्ट जपानच्या घराघरांत पोचला.

पण मंडळी, खरी गोम पुढे आहे. खऱ्या डांबरी रस्त्यावर ड्रिफ्ट केल्यानं गाडी साधारणपणे हळू होते. टायर घसरतो म्हणजे पकड सुटते, आणि पकड सुटली की वेग वाया जातो. तिथे ड्रिफ्ट ही देखणी गोष्ट, फायद्याची नव्हे. म्हणून रायपूरच्या रिंग रोडवर रात्री मोटारी घसरवणाऱ्या पोरांना हात जोडून सांगतो, हा धडा तिकडे नेऊ नका. खेळात मात्र हिशेब उलटा लावला गेला. वळणावर जो जोखीम घेऊन घसरेल, त्याला बाहेर पडताना बक्षीस म्हणून वेगाचा धक्का मिळेल. त्या धक्क्याचं नाव बूस्ट.

‘मारिओ कार्ट ६४’ जपानात डिसेंबर १९९६मध्ये आला. त्यात हे बक्षीस डोळ्यांना दिसू लागलं. बटण दाबून उडी मारायची, घसरायला लागायचं आणि घसरता घसरता काठी उलट दिशेला नेऊन परत आणायची. चाकांमागून इंग्रजी ‘ई’च्या आकाराचा धूर निघे. आधी पांढरा, मग पिवळा, मग तांबडा. तांबडा झाला की बटण सोडायचं आणि गाडी सुसाट. म्हणजे पुतण्याचा ‘सोड’ निदान इतका जुना.

१९९९मध्ये नॉटी डॉग या कंपनीनं ‘क्रॅश टीम रेसिंग’मध्ये हेच आणखी कठीण केलं. एका घसरणीत तीन बूस्ट, आणि प्रत्येक नेमक्या क्षणी दुसरं बटण दाबून घ्यायचा. नळीतून काळा धूर आला की क्षण जवळ आला. चुकलात तर बूस्ट गेला. इथे कसब बोटांत नव्हे, कानाडोळ्यांत होतं. ढोलकीवाल्याला सम कळते तसं.

२००४मध्ये दक्षिण कोरियात नेक्सॉन कंपनीचा ‘कार्टरायडर’ आला. हा संगणकावरचा, ऑनलाइन आणि फुकट. बाणांच्या कळांनी गाडी चालवायची, शिफ्टनं घसरायचं. वेगाच्या शर्यतीत जितकं घसराल तितकी एक पट्टी भरत जाते, आणि भरली की कंट्रोलची कळ दाबून मोठा बूस्ट. शिवाय घसरण संपताच पुढचा बाण क्षणभर सोडून पुन्हा टिचकावला की छोटा धक्का वेगळा. कोरियातल्या इंटरनेट कॅफेंत यावर मुलांचे हात असे बसले की त्याच्या लीग टीव्हीवर दाखवू लागले. मून हो-जून नावाचा मुलगा तर प्राथमिक शाळेच्या वयात या स्पर्धांत उतरला आणि पुढे त्या खेळाचा सर्वांत नावाजलेला खेळाडू झाला.

आणि मग पहिलं मोठं भांडण झालं. २००५मध्ये ‘मारिओ कार्ट डीएस’ आला. खिशातल्या यंत्रावरचा, आणि या मालिकेतला इंटरनेटवर खेळता येणारा पहिला. काहींच्या लक्षात आलं की बूस्ट घ्यायला वळण लागतच नाही. सरळ रस्त्यावरही डावीकडे घसर, बूस्ट घे, लगेच उजवीकडे घसर, पुन्हा बूस्ट घे. गाडी सापासारखी नागमोडी जायची आणि साधं खेळणारा मागे पडायचा. जगभर वाद पेटला. एक बाजू म्हणे, ही लबाडी आहे. दुसरी म्हणे, नियमात बसतं, बोटं दुखेस्तोवर घोटलंय, मग लबाडी कशी?

मला दोन्ही बाजू पटतात, पण इतिहास कुणाच्या पटण्यावर चालत नाही. २००८मध्ये ‘मारिओ कार्ट वी’ आला तेव्हा कंपनीनं काठी हलवून बूस्ट भरायची पद्धतच काढून टाकली. आता तुम्ही किती वेळ आणि किती आवळून वळता यावर ठिणग्या पेटणार. सरळ रस्त्यावरच्या नागमोडीतला फायदा त्यामुळे पुष्कळ कमी झाला. बाजाराच्या भाषेत सांगायचं तर गिऱ्हाइकांनी वजनकाट्यातली खोच शोधली आणि दुकानदारानं काटा बदलला. आज ज्याच्या ६ कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्यात, त्या २०१७च्या ‘मारिओ कार्ट ८ डीलक्स’मध्ये हाच ठिणग्यांचा हिशेब आहे: निळ्या, नारिंगी, गुलाबी.

आता या कसबाचं पुढे काय होतं? निन्टेन्डोची ती जुनी इंटरनेट सेवा २० मे २०१४ रोजी बंद झाली. कोरियातला मूळ ‘कार्टरायडर’ ३१ मार्च २०२३ला बंद झाला. एकोणीस वर्षं लोकांनी बोटांत मुरवलेली गोष्ट, आणि एका तारखेनंतर ती दाखवायला जागाच नाही. किल्ला पडला तरी दगड उरतात. ऑनलाइन खेळ बंद झाला की उरतात फक्त सांगणारे. म्हणून मी याला इतिहास म्हणतो, आणि म्हणून सांगून ठेवतो.

मला अकरा वर्षांच्या गुरूनं शिकवलं ते असं. पहिलं, सेटिंगमध्ये जाऊन आपोआप वळवणारी मदत बंद कर आणि ड्रिफ्ट ‘मॅन्युअल’वर टाक. आठवडाभर शेवटचा येशील, येऊ दे. दुसरं, वळण दिसल्यावर नव्हे, वळण यायच्या आधी घसरायला लाग. बाहेरून आत शिर, आतून बाहेर पड. तिसरं, बोट दाबून धर आणि गाडीकडे नको, चाकाखालच्या ठिणग्यांकडे बघ. निळ्या आल्या म्हणजे छोटा बूस्ट, नारिंगी म्हणजे मोठा. चौथं, नारिंगीच्या लोभानं धरून बसू नकोस. वळण छोटं असेल तर निळ्यावर सोड, नाहीतर कठड्यावर जाशील. पाचवं, सोडताना नाक सरळ रस्त्याकडे हवं. बूस्ट जिकडे तोंड तिकडे नेतो, भिंतीकडे असलं तर भिंतीकडे. आणि सुरुवातीच्या उलट्या मोजणीत आकडा २ दिसला की बोट टेकव, शर्यत सुटतानाच धक्का मिळतो.

मी चौथ्यात अडकलो होतो. भीतीनं लवकर सोडायचो, नाहीतर हट्टानं धरून ठेवायचो. मधलं जमेना.

एप्रिल २०२१मध्ये रायपूर पुन्हा बंद झालं. या वेळी दादाला झाला. खालच्या मागच्या खोलीत तो एकटा, वहिनी दाराबाहेर ताट ठेवायच्या. मला कुणी कळवलं नाही आणि मी विचारायला खाली गेलो नाही. सहा वर्षांची सवय. पण रात्री नऊला फोन वाजला. पुतण्या म्हणाला, “काका, खेळू या. आज बाबांचा ऑक्सिजन ब्याण्णव आहे.” आणि शर्यत सुरू केली.

मग रोज तसंच. शर्यत लागायच्या आधी एक आकडा. एक्क्याण्णव. ब्याण्णव. एका रात्री एकोणनव्वद, त्या दिवशी आम्ही दोघंही कठड्यांवर आदळत राहिलो आणि कुणीच हसलं नाही. फोन ठेवल्यावर मी सिलिंडरसाठी ओळखीपाळखीच्या चौदा जणांना फोन लावले. पहाटे एक मिळाला. ठेल्यावर घालून गोल बाजारातून घरी आणला आणि दाराशी ठेवला. कोपऱ्यावर ठेल्याचं मागचं टोक मी बाहेर फेकलं का, ते आठवत नाही.

चौऱ्याण्णव. शहाण्णव.

सोळाव्या-सतराव्या रात्री खेळताना स्पीकरमधून खोकला ऐकू आला. दादा खोलीतून बाहेर येऊन पोराच्या मागे उभा होता. मी एका लांब डाव्या वळणावर होतो, निळ्यावरच बोट उचललं. दादाचा आवाज आला, पुतण्याला उद्देशून:

“त्याला सांग, लवकर सोडतोय.”

सहा वर्षांतलं ते पहिलं वाक्य. माझ्याशी नव्हतं, माझ्याबद्दल होतं. पुढचं वळण मी नारिंगीपर्यंत धरलं.

प्लायवूड अजून आहे. आमचं बोलणंही अजून बेताचंच: कापराचा भाव, वहिनींचं गुडघ्याचं दुखणं, आणि रात्री नऊला कुठली वळणं जमली नाहीत ते. पुतण्या आता परीक्षेच्या तयारीला लागलाय, त्यामुळे बरेचदा आम्ही दोघंच खेळतो. दादा जिंकतो. तो ड्रिफ्ट उशिरा सुरू करतो, पण सोडतो बरोबर.

तुमच्याकडेही असा एखादा बंद पडलेला खेळ आणि त्यातली एखादी खुबी असेल. बडोद्यात असा, इंदुरात असा किंवा न्यू जर्सीत, ती लिहून ठेवा. कुणी शिकवली तेही लिहा. पुढच्या भागात भेटू. नऊ वाजत आलेत, मला खाली जायचंय.