११.७ शिष्यवृत्त्यांचा खेळ

महाविद्यालयीन क्रीडेच्या इतिहासात सामन्यांचे निकाल आवर्जून नोंदले जातात. खेळाडूच्या पदरात काय पडले, याची नोंद क्वचितच होते. अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉल या दुसऱ्या नोंदीतून वाचण्याचा हा आमचा अल्प प्रयत्न.

१ जुलै १८५९ रोजी मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफील्ड येथे अ‍ॅमहर्स्टने विल्यम्सचा ७३-३२ असा पराभव केला. हा पहिला आंतरमहाविद्यालयीन बेसबॉल सामना. १९२९ साली कार्नेगी प्रतिष्ठानच्या अहवालाने महाविद्यालयीन खेळांतील बाजारू वृत्तीवर आणि खेळाडूंना दिल्या जाणाऱ्या आर्थिक मदतीवर बोट ठेवले. १९५६ साली एनसीएए या नियामक संघटनेने क्रीडा-शिष्यवृत्ती अधिकृत केली. त्याच दशकात 'स्टुडंट-अ‍ॅथलीट' हा जोडशब्द रूढ झाला. खेळाडू कर्मचारी ठरले तर नुकसानभरपाई द्यावी लागेल, या भीतीतून तो स्वीकारला गेल्याचे संघटनेचे माजी प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी १९९५च्या आपल्या पुस्तकात मान्य केले. भाषेच्या अभ्यासकांनी याची दखल घ्यावी : येथे समास व्याकरणाने नव्हे, कायद्याच्या धाकाने घडला.

बेसबॉलच्या वाट्याला मात्र ही शिष्यवृत्तीही तुकड्यातुकड्यांनी आली. अनेक वर्षे सर्वोच्च विभागातील संघाला ११.७ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. पुढे संघात ३५ खेळाडू, त्यांपैकी मदत फार तर २७ जणांना, असा नियम झाला. म्हणजे बहुतेकांना शुल्काचा काही भाग घरूनच भरावा लागे. महागड्या विद्यापीठात खेळायचे तर गुणवत्तेइतकीच वडिलांची ऐपतही मोजली जाई. जॉर्जियासारख्या राज्यात १९९३पासून लॉटरीच्या उत्पन्नातून गुणवंतांना शिष्यवृत्ती मिळू लागली. अशा मदतीमुळे स्थानिक खेळाडूवरचा भार हलका होई आणि संघाचाही लाभ होई.

दुसरा प्रश्न सुविधांचा. दक्षिणेत लुइझियाना स्टेट विद्यापीठाने २००९ साली नवे स्टेडियम उघडले. मिसिसिपी स्टेटने २०१९पर्यंत आपले मैदान नव्याने उभारले. याउलट बर्कलेचे उदाहरण पाहावे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या या संघाने १९४७ साली पहिली कॉलेज वर्ल्ड सिरीज जिंकली होती. पराभूत येल संघात पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थोरले जॉर्ज बुश होते. सप्टेंबर २०१०मध्ये खर्चकपातीसाठी हाच संघ बंद करण्याचे विद्यापीठाने जाहीर केले. माजी खेळाडू आणि हितचिंतकांनी देणग्या जमवल्या, तेव्हा एप्रिल २०११मध्ये तो वाचला. त्याच जूनमध्ये संघ ओमाहाच्या अंतिम स्पर्धेत पोहोचला. पण त्याआधीची यजमानपदाची मालिका त्याला सँटा क्लारा येथे खेळावी लागली, कारण स्वतःच्या मैदानावर दिवेच नव्हते.

जुलै २०२१पासून खेळाडूंना आपले नाव आणि प्रतिमा यांच्या जाहिरातवापराचे पैसे घेण्याची मुभा मिळाली. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीने विद्यापीठांनाही थेट मोबदला देता येऊ लागला. २०२५-२६ या वर्षासाठी कमाल मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. सर्व खेळ मिळून. या व्यवस्थेत सामील होणाऱ्या विद्यापीठांसाठी ११.७ची अट गेली. बेसबॉल संघ ३४ जणांचा झाला आणि सर्वांना पूर्ण शिष्यवृत्ती देण्याची मोकळीक मिळाली.

मोकळीक म्हणजे हमी नव्हे. फुटबॉल आणि बास्केटबॉल यांनी पान वाढून घेतल्यावर बेसबॉलसाठी काय उरते, हे प्रत्येक विद्यापीठाच्या तिजोरीवर ठरते. श्रीमंत संघ ३४ जणांचे शुल्क भरू शकेल. गरीब संघाला दिव्यांचे खांब की खेळाडूची फी, यांतून निवड करावी लागेल. आणि ३५वा विद्यार्थी, जो काही न मागता केवळ खेळण्यासाठी येत असे, त्याला या नव्या हिशेबात जागाच नाही.

खेळाडूला मोबदला मिळावा, हे आम्हांला न्याय्य वाटते. मात्र न्याय एकाच्या पानात वाढताना दुसऱ्याचे पान उचलले जात नाही ना, हे विचारणे हेही शिक्षकाचे काम आहे, असे आम्ही मानतो.